नाव न घेता दिलेलं औषध

आये,

तुमच्यामागून पहिला रविवार आला तेव्हा मी मागीलदार उघडलंच नाही. उजाडल्यापासून अंगणात, आपल्या खळ्यात, माणसं येऊन बसली होती. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं, तरी आली होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी गेली तरी सून आसा मा?" चुलीपाशी बसून मी ते ऐकलं आणि जागची उठलेच नाही. शेवटी ह्यांनी बाहेर जाऊन सांगितलं, घरात सुतक आहे, औषध मिळणार नाही. माणसं उठली. जाता जाता एकजण बोलला, "बरां, सुतक फिटल्यार येतंव."

तेव्हापासून सुतक फिटायचीच मला भीती वाटायला लागली.

आपल्या घरात काविळीचं औषध देतात हे तुम्हाला सांगायला नको. पण लिहायला बसले की मला पहिल्यापासून लिहावं लागतं, नाहीतर सुचत नाही. तुमच्या सासूने तुम्हाला दिलं, तुम्ही मला. रविवारी आणि बुधवारी, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी ओढ्याकडे, व्हाळावर जायचं, झाड मुळासकट उपटायचं, मूळ उगाळून ताकातून उपाशीपोटी द्यायचं. कुणाकडून काही घ्यायचं नाही. बरा झालेला माणूस येऊन देवापुढे नारळ ठेवील तेवढाच. आणि झाडाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो.

तुम्ही मला झाड दाखवलंत तो दिवस आठवतो. व्हाळाच्या कडेला ओलीत उभं करून माझा हात धरलात आणि एका पानावर ठेवलात. पान असं असतं, फूल तसं असतं, काहीच सांगितलं नाहीत. खूण बोलून सांगणं म्हणजे नाव सांगितल्यासारखंच, असं तुमच्या सासूचं म्हणणं. परत येताना मी घाबरत विचारलं, "आये, माका वळाखता नाय इलां तर?" तुम्ही म्हणालात, "हाताक कळता. नाव मी शेवटाक तुज्या कानात सांगतलंय. तोवर माज्या मागसून चलत ऱ्हव."

तुमच्या मागून चालणं मला आवडायचं. लग्न होऊन आले तेव्हा चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी होते. लोक मला काही विचारायचे आणि उत्तर तुम्ही द्यायचात. रेशनच्या दुकानात तुम्ही पुढे, मी मागे. बाजारात मासे घेताना भाव तुम्ही करायचात, पिशवी मी धरायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "तुमची सून मुकी काय गो?" तुम्ही म्हणायचात, "मुकी नाय, शाणी आसा. तुमच्यावांगडा बोलान काय मिळतला?" एवढं बोलून मला हळूच डोळा मारायचात. आये, तुमच्या पाठीमागे किती सुरक्षित होते मी. त्या पाठीला हात लावून आभार मानावेत असं कितीदा मनात आलं, आणि तेही मला बोलता आलं नाही.

मग आपली मयुरी फार्मसीला गेली आणि घरात बोलणारं आणखी एक माणूस तयार झालं. शेवटच्या वर्षाची पुस्तकं घेऊन सुट्टीत यायची, ओटीवर पसरून बसायची. तुम्ही शेजारी आमसुलं निवडत असायचात. ती मोठ्याने वाचायची, तुम्ही मोठ्याने तिची खोड काढायचात, आणि मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे.

"आजी, गोळी करूच्या आधी जो माल येता ना, तेका पिवळी चिठ्ठी लावन वेगळो ठेवतत. तपासून खरो निघालो तर हिरवी चिठ्ठी, खोटो निघालो तर लाल. तोवर तेका कोण हात लावूचो नाय."

"माजां झाड माका वळाखता. तेका चिठ्ठी कित्याक होयी?"

"बरां, आणि मूळ किती देतंस?"

"नखाएवढां."

"कोणाच्या नखाएवढां?"

"माज्या अंगठ्याच्या. अजून कोणाच्या?"

"आणि तू नसलंस तर?"

"तर तुज्या आवशीच्या."

मयुरी उठून आत आली, माझा पिठाचा हात ओढत बाहेर घेऊन गेली आणि तुमच्या हाताशेजारी ठेवला. तुमचं नख केवढं रुंद, माझं त्याच्या निम्मं. "बघ! आजी गेली काय औषध अर्ध्यार इलां!" तुम्ही इतक्या हसलात की तोंडातलं पान सांडलं. मीही हसले. आता रोज सकाळी माझा तो अंगठा दिसतो आणि हसू येत नाही.

ती सांगायची की कंपनीत एकेक गोळी काट्यावर घालतात, पाण्यात ढवळून किती वेळात विरघळते ते बघतात. गरम दमट कपाटात औषध महिनोन् महिने ठेवतात, मधून मधून काढून तपासतात आणि मग पाकिटावर तारीख घालतात. सरकारचा निरीक्षक दुकानातून औषध उचलतो तेव्हा त्याचे भाग करून सील लावतो आणि एक भाग त्या दुकानदाराकडेच ठेवतो, उद्या कुणी कुणावर खोटा आळ घालू नये म्हणून. तुम्हाला हे सगळं ऐकायला आवडायचं. वरवर चेष्टा, पण ऐकायचात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट तुम्ही दर वेळी माझ्यापुढे धरायचात, "तारीख बघ गो, गेली नाय मा?" मयुरीने ते पकडलं. "आजी, तुज्या झाडाची तारीख खंय आसा?" "शिरा पडो तुज्या शिकण्यार," तुम्ही म्हणालात, "त्या झाडाची तारीख देवान घातली हा."

एकदाच ती चेष्टेत बोलली नाही. पुस्तक मिटून तिनं विचारलं, "आजी, बरी झालेली माणसां नारळ घेवन येतत. बरी न झालेली खंय जातत?"

तुमचा हात आमसुलांतच थांबला. "मेलेलो माणूस नारळ घेवन येवचो नाय, तां काय माका तू शिकवतलंस?"

"तसां नाय गो. आमका शिकवतत, औषधान कोणाक बाधलां तर तां कळवक होयां. बरो झालेलो आपसूक येता. बाधलेल्याक शोधूचो लागता. आणि बरीचशी कावीळ आराम करून, पथ्य करून आपल्यानीच जाता."

"मगे माजां पथ्य तरी बरां म्हण!" असं म्हणून तुम्ही उठलात. पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं, तुम्ही तो विषय परत काढाल. काढला नाहीत. मीही काढला नाही.

आणि मग व्हाळाकडेची जमीन खणली गेली. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, तिकडे गाडी जावी म्हणून जेसीबीने कड खरवडली. आपली झाडं मातीखाली गेली. पाऊस पडल्यावर तिथे पुन्हा उगवण झाली, पण दोन तऱ्हेची. उंची तीच, पानाचा आकार तोच. एकाच्या पानाची खालची बाजू गुळगुळीत, दुसऱ्याची बोटाला किंचित खरखरीत लागते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही पान चुरून हुंगलंत आणि म्हणालात, "ह्यांच." पुढच्या रविवारी दुसऱ्यावर हात घातलात आणि तेव्हाही म्हणालात, "ह्यांच." घरी आल्यावर मी म्हटलं, "आये, आदल्या खेपेचां पान असां नव्हतां." तुम्ही चिडला नाहीत. "पावसात पान बदलता गो," एवढंच म्हणालात आणि सहाण पुढे ओढलीत.

मी कुणाला विचारणार? झाडाचं वर्णन करायचं नाही, नाव घ्यायचं नाही, दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. गुण राहावा म्हणून आपण जे तोंड बंद ठेवलं, त्यामुळे चूक झाली तरी सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

तुमची वाचा गेली त्या दुपारी मी तुमच्याजवळ होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. ओठ हलत होते. मला कळलं, नाव सांगायची वेळ आली आहे. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास लागला. पुन्हा नेला, पुन्हा श्वास. डोळे मोठे करून तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि त्या डोळ्यांत भीती होती. तुम्हाला मी भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगत होतात, की देऊ नको म्हणत होतात? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता तुमचा चेहरा आठवायला गेले तरी आधी तोच प्रश्न येतो.

सुतक फिटलं. पुढच्या रविवारी मागीलदारी पहिली आली ती बाजारातली खैरूनचाची. तिचा मुलगा लहानपणी काविळीतून तुमच्या औषधाने उठला, म्हणून दर ईदेला शिरखुर्मा घेऊन तुमच्याकडे यायची तीच. बरोबर तिची सून नाझिया. पोट वर आलेलं, सहावा महिना असेल. ओट्यावर टेकली तीही भिंतीला धरून. तिचे डोळे हळदीसारखे होते.

"गो, पाणी तापत ठेव, ताक कर," चाची म्हणाली. "दोन दिस झाले, पोरीच्या पोटात अन्न ठरणा नाय."

हे माझ्या मागे येऊन हळूच म्हणाले, "दे गो. आयेचो वसो आसा. नाय म्हटलंस तर घराचां नाव जायत." मयुरी परीक्षेची सुट्टी म्हणून घरीच होती. तिनं दारातून नाझियाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, पोटुशी बाईची कावीळ वेगळी असता. हेका आत्ता दवाखान्यात न्हेवक होयां."

मी सवयीने व्हाळाकडे चालू लागले. खरवडलेल्या कडेवर दोन्ही झाडं वाऱ्याला डुलत होती. मी एकाचं पान धरलं, मग दुसऱ्याचं. हाताला कळतं म्हणाला होतात तुम्ही. माझ्या हाताला एवढंच कळत होतं की एक गुळगुळीत आहे आणि एक खरखरीत. एक उपटून न्यायचं म्हटलं तरी चालणार होतं. कुणाला संशय आला नसता. पोरीला काही झालं असतं तर कावीळ वाढली असं म्हणाले असते, बरी झाली असती तर नारळ आला असता. मी तशीच मोकळ्या हाताने वर आले.

"मूळ खंय?" चाचीनं विचारलं.

"माका झाड वळाखना नाय."

"काय?"

"दोन झाडां उगावली हत. खरां कुठलां तां माका कळना नाय. आयेन नाव सांगूक नाय."

"मस्करी करतंस काय गो माजी? इतकी वर्सां तिच्या मागसून फिरलंस!" चाचीचा आवाज चढला. "ती आज असती तर पोर अशी पायरेर बसली नसती. माजो झील तिनां वाचयलो. तू माज्या सुनेक दारातसून परत धाडतंस?"

खळ्यात आणखी माणसं जमली होती. सगळी माझ्याकडे बघत होती, आणि आये, पुढे तुमची पाठ नव्हती. मी म्हटलं, "चाची, शिव्या रिक्षात घाल. मी तुज्यावांगडा येतंय." हे कसं बोलले ते मला अजून कळत नाही. बाहेर कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने चाची उठली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईने नाझियाला तपासलं, रक्त घेतलं, मग आम्हा सगळ्यांकडे वळून विचारलं, "घरी झाडपाल्याचं काही दिलंय का? खरं सांगा, मी रागावणार नाही. न सांगितलंत तर मात्र मला उपचार करता येणार नाहीत." चाचीने माझ्याकडे बघितलं. रिक्षातून आमच्याबरोबर आलेल्या ह्यांनी खाली बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "काही दिलं नाही."

डॉक्टरीणबाईने मान हलवली आणि कामाला लागली. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि रडले. नाही म्हणता आलं म्हणून रडले. ते खोटं सांगायची पाळी आली असती तर, म्हणूनही रडले.

नाझिया अजून तिथेच आहे. डोळ्यांचा पिवळेपणा थोडा उतरलाय, बाळाचे ठोके लागतात, पण डॉक्टरीणबाई घरी सोडत नाही आणि कसली खात्रीही देत नाही. चाची काल हे सांगायला आली. माझ्याशी नीट बोलली नाही, पण जाताना म्हणाली, "माज्या भावाक पण डोळे पिवळे झाल्यासारखे दिसतत. झाड गावलां काय सांग." एवढं सगळं होऊन तिचा तुमच्यावरचा विश्वास काडीएवढा हलला नव्हता. त्या विश्वासाने मला अभिमान वाटला, आणि अंगावर काटाही आला.

मयुरी कॉलेजला जाताना दोन्ही झाडं मुळासकट ओल्या फडक्यात बांधून घेऊन गेली. मी आडवी आले नाही. देवापुढे हात जोडले आणि तिच्या पिशवीत ठेवून दिली. परवा तिचा फोन आला. सरांनी मुळाचा काप काढून भिंगाखाली पाहिला होता. ती दोन्ही झाडांची नावं सांगू लागली आणि मी घाबरून फोन कानापासून लांब धरला.

"आई? ऐकतंस मा?"

"नाव नको. बाकीचां सांग."

एक झाड निरुपद्रवी आहे. त्याने कावीळ जाते का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही असं सर म्हणाले. दुसरं मात्र पोटात घ्यायचं नव्हे, ते यकृतालाच बाधतं. मी विचारलं, "खरखरीत पानाचां?" ती म्हणाली, "होय."

म्हणजे व्हाळ खणल्यानंतर आपल्या हातून लोकांच्या पोटात दोन्ही गेली, कधी हे, कधी ते. मयुरी पलीकडून म्हणाली, कंपनीत असं झालं असतं तर पाकिटावरच्या नंबरावरून माल कुठकुठे गेला ते काढून परत मागवला असता, घेतलेल्या माणसांना कळवलं असतं. "आपल्याकडे तसां काय करूक येवचां नाय. तू घाबरा नको," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पण आये, आपल्याकडे नंबर नसला तरी त्या पावसाळ्यात ताकाचा पेला प्रत्येकाच्या हातात मीच दिला होता. माणसं मला आठवतात. हे म्हणाले, "कित्याक जातंस? लोक तोंडात शेण घालतले, मेलेल्या आवशीचां नाव काढतले." मला तीच भीती आहे. तुमचं नाव खराब करायला मी निघाले आहे की काय, असं वाटून एकदा एसटीच्या थांब्यावरून परतही आले. मग वाटलं, तुम्हाला दिसत असतं आणि कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या आधी चप्पल घातली असती. तुम्ही कुणाचं वाईट चिंतून औषध दिलं नाहीत हे मी प्रत्येक दारात सांगीन. ते सांगायला तरी मला बोलावं लागेल.

आज आचऱ्याला गेले होते. होडीवर जाणारा तो बाबल, मागच्या श्रावणात आला होता तो, अंगणात जाळं शिवत बसलेला दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. "काय गो वयनी, नारळ घेवक इलंस? विसारलंय खरो!" म्हणून हसला. मी सगळं सांगितलं, अडखळत. रक्त तपासून घे म्हटलं. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याच्या बायकोने चहा आणला, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तिथून मिठबावला गेले. त्या बाईचं घर आठवतं ना, जी धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आली होती? मुलगी ताक पिईना म्हणून तुम्ही तिला पोपटासारखा आवाज काढून दाखवलात. त्या दिवशीचं पान कुठलं होतं ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

दाराला कुलूप होतं. शेजारीण ओट्यावर कपडे पिळत होती. "कोण होया?" तिनं विचारलं. मी घराकडे बोट केलं. ती म्हणाली, "ती माहेराक गेली हा. परवा येतली."

"चेडवाक घेवन गेली?" मी त्या धाकट्या मुलीबद्दल विचारलं.

शेजारणीने पिळलेला कपडा झटकला. "माका काय म्हायत? मी तेंच्यावांगडा बोलणंय नाय."

परवा मी परत जाणार आहे.